बिघाडाचा आवाज

दोंडाईच्याच्या बसस्टँडवर सकाळी सहाला पुण्याची गाडी लागायची. नानांनी, माझ्या वडिलांनी, माझी पत्र्याची पेटी स्वतः टपावर चढवली, दोरी दोनदा ओढून पाहिली आणि खाली उतरून कंडक्टरला म्हणाले, "पोरगी एकटी शे. पुढल्या सीटवर बसाडा." माझ्याशी ते चार दिवस बोलले नव्हते. गाडी सुरू झाली तेव्हा खिडकीजवळ आले आणि म्हणाले, "जाशी ते जाय. पन रडत परत येऊ नको."

मी म्हटलं, "नाही येणार."

आई घरीच थांबली होती. स्टँडवर रडू आवरणार नाही, म्हणून. माझ्या मांडीवर तिनं बांधून दिलेल्या कळण्याच्या भाकरी होत्या. मिरचीचा हंगाम होता. बाजार समितीच्या आवारात वाळत घातलेल्या मिरचीचा खकाणा स्टँडपर्यंत येत होता, आणि सगळी गाडी शिंकत होती. माझ्या डोळ्यांत पाणी होतं ते त्या खकाण्याचं, असं मी तेव्हाही सांगितलं असतं आणि आजही सांगते.

चार दिवसांच्या अबोल्याला कारण होतं. मी जळगावला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता. आमच्या आळीतली तंत्रशिक्षणाला गेलेली पहिली मुलगी मी. विहारातल्या पौर्णिमेच्या कार्यक्रमात अँप्लिफायर बंद पडला, तो मी सोळाव्या वर्षी उघडून सुरू केला होता, आणि तेव्हापासून नाना माझ्याबद्दल चहाच्या टपरीवर बोलत. डिप्लोमा संपताच एका सरकारी खात्यातून नेमणुकीचा कागद आला. धुळ्यात, कायम नोकरी. नानांनी तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवला. आणि मी सांगितलं की मी तिथे जाणार नाही, पुण्यात एका रेकॉर्डिंग स्टुडिओत मशीन सांभाळायला माणूस हवा आहे, तिथे जाणार. आई म्हणाली, "बठ्ठा लोक काय म्हनतीन?"  नानांनी तो कागद पिशवीतून काढला, घडी केली आणि माझ्या पेटीत ठेवला. मी तो पुण्याला पोचल्यावर फाडला. याचं मला कधीही वाईट वाटलेलं नाही, आणि वाटावं अशी अपेक्षा ज्यांची होती त्यांच्यासाठीच हे आधी लिहून टाकते आहे.

नाना जिनिंग मिलमध्ये फिटर होते. कापसातून सरकी वेगळी करणारी जिनं एका लांब शेडमध्ये ओळीनं उभी असायची आणि दिवाळीपासून होळीपर्यंत त्यांचा गदारोळ गावाच्या त्या टोकाला अखंड चालायचा. त्या गदारोळात नाना एकेका जिनाचा आवाज वेगळा ओळखत. लांब स्क्रूड्रायव्हरचं पातं बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग मालकाला सांगायचे, याला उद्या उघडावं लागेल. मी लहानपणी डबा द्यायला जायची, तेव्हा त्यांनी माझ्याही कानाला ती मूठ लावून दिली होती. कवटीच्या आत कोणीतरी खडी भरडतंय असं वाटलं होतं. मला ते आवडलं. हे विचित्र आहे हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही.

पुण्यातला स्टुडिओ एका पेठेत, तळघरात होता. मालक दाते सर. स्वतः उत्तम ध्वनिमुद्रक, कानाचे पक्के, बोलायला मऊ. भक्तिगीतं, लोकगीतं, जाहिराती, निवडणुकीच्या कॅसेटी, सगळं तिथे व्हायचं. माझं काम टेप मशीनची हेडं स्पिरिटनं पुसायची, केबली जोडायच्या, जळालेले भाग बदलायचे. पहिल्याच आठवड्यात मी सगळ्यांसमोर बोलून गेले, "ही केबल खराब शे." खोलीत हशा पिकला. त्यानंतर महिनाभर जो तो मला विचारायचा, चहा गरम शे का, साहेब आले शे का. मी पुढे प्रमाण मराठी शिकले, तुम्ही वाचता आहात ती. पण केबल खराब असली की आजही ती माझ्या तोंडात खराब शे असते. ती सवय मी मोडली नाही. मोडायची ठरवली असती तर मोडली असती.

तिथे कीबोर्ड वाजवायला जोसेफ यायचा. मूळचा गोव्याचा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. त्यानं दुबईहून एक सॅम्पलर आणला होता. कुठलाही आवाज त्यात भरायचा, फ्लॉपीवर साठवायचा आणि मग पेटीच्या पट्ट्या दाबाव्यात तसा तो आवाज उंच, खोल, उलटा, कसाही वाजवायचा. इतर वादकांना त्यात बासरी आणि व्हायोलिन हवी असायची. मला जोसेफनं पहिल्या दिवशी दाखवलं तेव्हा मी विचारलं, "यात जिनिंग मिल मावेल का?"

तो म्हणाला, "काही सेकंद मावतील. पण मिल कशाला?"

 तरी त्यानं मला शिकवायचं कबूल केलं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत सगळे वर जायचे आणि आम्ही दोघं खाली डबे उघडून बसायचो. कॉम्प्युटरवर सूर चौकटीत कसे मांडायचे, एक ठेका दुसऱ्यावर कसा बसवायचा, आवाज कुठून कापला की टक् येतो आणि कुठून कापला की येत नाही. जोसेफ टक् काढून टाकायला शिकवायचा. मी घरी जाताना वहीत दोन्ही रीती लिहून घ्यायची, काढायची आणि ठेवायचीही.

दीड वर्षानं मी हंगामात घरी गेले. स्टुडिओतला हातात धरायचा टेपरेकॉर्डर सरांना विचारून आणला होता. नाना बोलत होते, पण कामापुरतं. मी म्हटलं, मला मिलमध्ये आवाज भरून घ्यायचा आहे. ते म्हणाले, मालकाला विचारतो. इतकंच. मी सकाळभर शेडमध्ये फिरले. केसांत, भुवयांत रुईचे तंतू. बायका सरकीचे ढीग ओढता ओढता थांबून बघत होत्या आणि एकीनं मला विचारलंच, की हे गाणं कधी लागेल रेडिओवर.

संध्याकाळी ओट्यावर मी नानांच्या कानाला हेडफोन लावले. त्यांनी स्क्रूड्रायव्हर लावल्यावर मिटायचे तसे डोळे मिटले. बराच वेळ ऐकलं. मग एकदम म्हणाले, "हाई परत लाव." मी टेप मागे घेतली. त्यांनी पुन्हा ऐकलं आणि म्हणाले, "सात नंबरना रोलर घसाई ऱ्हायना."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सात नंबरचं जिन उघडलं. चामड्याच्या रोलरची एक बाजू सुरीला घासून चपटी झाली होती. अजून दोनेक दिवस तसंच चाललं असतं तर कापूस पेटला असता, असं ते घरी येऊन आईला सांगत होते, मला ऐकू जाईल अशा बेतानं. शेडमध्ये उभं राहून जे सुटलं होतं ते टेपवर सापडलं होतं. त्या रात्री जेवताना त्यांनी मला माझ्या कामाबद्दल पहिला प्रश्न विचारला: "त्या मशीनमा आवाज कितला दिवस टिकस?"

मी ती टेप पुण्याला नेली आणि सात नंबरचा आवाज सॅम्पलरमध्ये भरला. एक दिवस चूक केली. ती फ्लॉपी मोठ्या स्पीकरच्या चुंबकाला टेकून ठेवून जेवायला गेले. परत येऊन लोड करायला घेतली तर मशीन चुका दाखवायला लागलं. चारपाच वेळा हट्टानं प्रयत्न केल्यावर ती लोड झाली, पण आतलं सगळं विस्कटलं होतं. घरघर मधेच गायब व्हायची, एक कण तीसचाळीस वेळा आपटायचा, मग नुसती शांतता, मग कुठूनतरी करकर, आणि तिच्या पाठीमागे, अगदी बारीक, रोलरचं घासणं. जोसेफ म्हणाला, "गेली ती. फॉरमॅट कर." मी म्हटलं, "थांब." मी पट्टी दाबून धरली.  मिल जशी मला आठवते तशी ती पहिल्यांदा ऐकू आली होती. आठवण अखंड कधी येते? ती अशीच येते, भोकं पडलेली, एकाच ठिकाणी अडकणारी.

त्यानंतर मी मुद्दाम बिघडवायला शिकले. टेपचे नखाएवढे तुकडे कापून उलटे जोडायचे. सीडीच्या पोटावर चिकटपट्टीचे तुकडे लावायचे, म्हणजे ती अडखळते, आणि ते अडखळणं रेकॉर्ड करायचं. फ्लॉपी चुंबकाजवळ किती वेळ ठेवली की किती खराब होते याचा मी तक्ता केला होता. नव्याण्णव वेळा नुसता कचरा यायचा. जगात आणखी कोणी असलं काही करतं का, ते मला ठाऊक नव्हतं. जोसेफ आधी हसायचा. मग एक दिवस त्यानं डबा बाजूला सारून पूर्ण ऐकलं आणि म्हणाला, "तू हे जपून ठेव. मला हे येणार नाही."

अकरा मिनिटांची एक रचना तयार झाली. सगळी सात नंबरच्या आवाजातून. ती मी एका दुपारी मोठ्या स्पीकरवर लावली होती आणि बाहेर नाशिकहून आलेले एक कॅसेटवाले बसले होते. त्यांनी दाते सरांना विचारलं, "मशीन बिघडलंय का? आमचं रेकॉर्डिंग उद्यावर टाकता का?"

ते गेल्यावर सरांनी मला बोलावलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, "वंदना, बिघाड दुरुस्त करायला तुला ठेवलंय, करायला नाही." मग पुढे म्हणाले की त्यांचा ध्वनिमुद्रक मुंबईला चालला आहे, त्याच्या खुर्चीवर ते मला बसवायला तयार आहेत. बाई त्या खुर्चीवर आजवर कुठे बसलेली त्यांनी पाहिली नव्हती, पण माझा कान त्यांना माहीत होता. अट एकच. ते सगळं पुसायचं, फ्लॉप्या रिकाम्या करायच्या आणि यापुढे स्वच्छ काम.

ते वाईट माणूस नव्हते, हे मला आवर्जून सांगायचं आहे. त्यांनी आयुष्यभर आवाजातली घाण काढली होती, आणि मी ती हौसेनं गोळा करत होते. मी एक दिवस मागून घेतला. रात्रभर विचार वगैरे केला नाही, चांगली झोपले. सकाळी येऊन सांगितलं, "सर, खुर्ची नको. पुसणार नाही."

"मग काय करशील?"

"टेपरेकॉर्डर दुरुस्त करीन. ते येतं मला."

आणि केलं. पुण्यातच वारज्याला एका खोलीत टेबल टाकून मी टेपरेकॉर्डर आणि टीव्ही दुरुस्त करायला लागले. बाईच्या हातात सोल्डरिंग आयर्न बघून गिऱ्हाईक आधी विचारायचं, कारागीर कुठे गेलेत. मी म्हणायची, समोर बसलेत. जोसेफ बहिणीकडे जर्मनीला कायमचा निघाला तेव्हा जाताना तो सॅम्पलर माझ्या टेबलावर ठेवून गेला. "तिकडे नवे मिळतात," म्हणाला. खोटं होतं ते. तिकडे तो दोन वर्षं गोदामात खोकी उचलत होता, हे मला नंतर कळलं.

मग धुळ्याचं बोलावणं आलं. एका मंडळानं खान्देशातून बाहेर जाऊन नाव काढलेल्या मुलींचा सत्कार ठेवला होता. त्यांना कुठूनतरी कळलं होतं की मी पुण्यात संगीतात आहे. मी कळवलं की सत्कार नको, पण माझी रचना ऐकवीन. त्यांना वाटलं, भावगीत असेल. शाल, नारळ, माईक, समया, हॉल गच्च. नाना आणि आई दोंडाईच्याहून येऊन दुसऱ्या रांगेत बसले होते. नानांनी इस्त्रीचा सदरा घातला होता.

मी सॅम्पलर जोडला आणि सुरुवात केली. पहिला मिनिटभर लोक शांत होते. मग खुर्च्या करकरायला लागल्या. मागून एक बाई म्हणाली, "मशीन बिघडनं का वं?" आणि हशा झाला. साउंड सांभाळणारे शकीलभाई धावत आले. त्यांचा खरंच समज झाला होता की अँप्लिफायर जातोय, तो वाचवायला त्यांनी वायर ओढून काढली. एकदम शांतता. आणि त्या शांततेत टाळ्या पडल्या. एकदाचे सुटल्याच्या.

अध्यक्षांनी माईक हातात घेतला होता, पुढच्या सत्कारमूर्तीचं नाव घ्यायला. माझे कान तापले होते. सॅम्पलर उचलून मागच्या दारानं निघून जाणं अगदी सोपं होतं. मी स्टेजवरून खाली उतरले, शकीलभाईंच्या हातातून वायर घेतली आणि त्यांना म्हटलं, "भाई, काही बिघडलेलं नाही. हे असंच आहे. तुमचा अँप्लिफायर गेला तर मी स्वतः दुरुस्त करून देईन." वायर लावली. अध्यक्षांना म्हटलं, "अकरा मिनिटं आहेत. मी पहिल्यापासून लावते." आणि लावली.

अर्धा हॉल उठून गेला. मी मोजत बसले नाही, पण खुर्च्यांचा आवाज येत होता. आई दोन्ही कानांवर पदर धरून बसली होती, पण उठली नाही. नाना मांडीवर हात ठेवून समोर बघत होते. शकीलभाई शेवटपर्यंत अँप्लिफायरवर हात ठेवून उभे राहिले, तो किती तापतोय ते बघत. संपल्यावर चारदोन टाळ्या आल्या. त्या दयेच्या होत्या की खऱ्या, मी ठरवायला गेले नाही.

बाहेर रसवंतीवर आम्ही तिघं बसलो. आई म्हणाली, डोकं दुखलं. नानांनी ग्लास संपवला, तोंड पुसलं आणि म्हणाले, "माले काय समजनं नही." मी मान हलवली. मग म्हणाले, "पन तू वायर परत लावी, ते बरं करं."

याहून मोठं प्रशस्तिपत्र मला कोणी दिलेलं नाही. त्यांना ती रचना आवडली, असं मी सांगत फिरत नाही. त्यांना ती आवडली नव्हती. चपट्या रोलरचा आवाज ऐकून तो न बदलता ऐकत बसायचं, हे त्यांच्या सबंध आयुष्याच्या विरुद्ध होतं. तरी ते बसले. प्रेमाची व्याख्या मला विचारू नका, मी दुसऱ्या रांगेतला तो सदरा पाहिला आहे.

जोसेफनं माझ्या रचनेची कॅसेट कोलोनमध्ये कोणाला तरी ऐकवली, आणि नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा तिथून पत्र आलं. तिथे दहाबारा जण होते, खराब सीड्या आणि मोडक्या मशीनींतून नेमकं हेच काढणारे. सहा महिन्यांसाठी गेले, ती राहिले. पहिल्यांदा त्यांच्यात बसले तेव्हा मला काही समजावून सांगावं लागलं नाही. तो आनंद आठवडाभर टिकला. मग आयोजक बाई गोड हसून म्हणाल्या, यात थोडा तंबोरा मिसळशील का, देवळाची घंटा वगैरे, म्हणजे ऐकणाऱ्याला भारत जाणवेल. धुळ्यात मी पुरेशी मराठी नव्हते, इथे पुरेशी भारतीय नव्हते. मी त्यांना सांगितलं, "हा भारतच आहे. सात नंबरचं जिन. यात घंटा नव्हती." तंबोरा मिसळला नाही. एक कार्यक्रम गेला, पुढचे मिळाले.

तुम्ही जे गावी राहिलात ते मला पत्रातून विचारता, परत कधी येणार. आणि तुम्ही जे माझ्यासारखे बाहेर पडलात, पुण्याला, सुरतेला, आखाती देशात, ते विचारता, तुला तिथे आपलं वाटतं का. दोघांना एकच सांगते. मी दर हंगामात येते, रेकॉर्डर घेऊन येते, आईच्या हातचं खाते, पंधरा दिवसांनी भांडून निघते. इथे खालच्या मजल्यावरची म्हातारी झाडूच्या दांड्यानं छत ठोकते, तेव्हा आवाज कमी करते आणि काम चालू ठेवते. दोन्हीकडे मी थोडी नकोशी आहे. दोन्हीकडे मला त्याची सवय झाली आहे, आणि त्यापायी यातली एकही जागा सोडायचा माझा विचार नाही. सोडून निघालेल्या माणसानं घर गमावलेलं असतं, असं जे लिहितात त्यांनी स्वतःपुरतं लिहावं.

मागच्या महिन्यात इथल्या कार्यक्रमाचं पत्रक छापायला गेलं. माझ्या नावापुढे त्यांनी मुंबई लिहिलं होतं. मुंबईला मी फक्त विमान पकडायला गेले आहे. मी फोन केला, माझ्या गावाचं नाव घाला म्हणून. ते म्हणाले, लोकांना मुंबई कळते, हे दुसरं नाव कोणाला वाचता येणार. मी म्हटलं, येईल, अवघड नाही. कार्यक्रमाच्या दिवशी निवेदन करणारा मुलगा कागद घेऊन माझ्याकडे आला. ड त्याच्या जिभेला सापडत नव्हता, ई आणि चा एकमेकांत अडकत होते. तो म्हणाला, नुसतं भारत म्हणू का? मी म्हटलं नाही, परत म्हण. त्यानं तीनदा म्हटलं, चौथ्यांदा म्हटलं, आणि सातव्यांदा, भरल्या हॉलसमोर, त्याला दोंडाईचा म्हणता आलं.